आयटिल कोणाचं, आर-नंबर कशाचा

संगणक देखभालीच्या निविदांमध्ये एक अट अजूनही लिहिली जाते: ‘बोली लावणारी कंपनी आयटिल प्रमाणित असावी.’ ही अट कुणालाच पूर्ण करता येणार नाही. आयटिल म्हणजे आयटी सेवा कशी सांभाळावी हे सांगणाऱ्या पद्धतींचा संच. त्याची परीक्षा माणूस देतो आणि प्रमाणपत्र त्याच्याच नावावर निघतं. कंपनीची सेवा द्यायची पद्धत तपासली जाते ती आयएसओ/आयईसी 20000-1 या मानकावर. आणि टेबलावरच्या लॅपटॉप अडॅप्टरला या दोन्ही कागदांचा काडीचाही उपयोग नाही, त्याला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. समोर आलेला कागद माणसाचा आहे, कामाच्या पद्धतीचा आहे की वस्तूचा, हे आधी बघावं. आयएसओ 9001 चं, म्हणजे कंपनीच्या गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र दाखवून अडॅप्टर खपवणारे भेटतात ते याच गोंधळामुळे.

आयटिल 1980 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्या सीसीटीए या सरकारी संस्थेत आकाराला आलं. 2019 च्या चौथ्या आवृत्तीत 34 प्रॅक्टिसेस, म्हणजे कामाच्या पद्धती आहेत आणि सगळ्या राबवा असं कुणी सांगत नाही. चाळीस संगणकांच्या पतसंस्थेला तीन नोंदी पुरतात: तक्रारींची, बदलांची आणि साधनांची. तक्रार आली की दोनच प्रश्न विचारायचे. किती जणांचं काम अडलंय, आणि किती वेळ थांबता येईल? कॅश काउंटरचा एक संगणक बंद पडणं हे आतल्या खोलीतला प्रिंटर बंद पडण्यापेक्षा वरचं, हे त्यातूनच ठरतं. बिघडतं कुठे, तर ‘रीस्टार्ट केलं, चालू झालं’ असं लिहून तक्रार बंद होते आणि तीच तक्रार चौथ्यांदा आली तरी मूळ कारण कुणी शोधत नाही. इन्सिडंट आणि प्रॉब्लेम वेगळे ठेवलेत ते यासाठीच. पहिल्यात काम लवकर सुरू करून द्यायचं, दुसऱ्यात ते पुन्हा का अडतंय ते शोधायचं. आयटिल जड वाटत असेल तर फिटएसएम हा त्याच कामाचा हलका पर्याय बघा, तो मोफत आहे आणि 14 प्रक्रियांत आटोपतो. यातलं काहीच केलं नाही तरी कायदा दारात येत नाही. नुकसान होतं ते आपलं आणि आपल्या ग्राहकांचं.

वस्तूच्या खुणेचं तसं नाही. इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश 2012 मध्ये निघाला. लॅपटॉप, अडॅप्टर, पॉवर बँक हे सगळे त्यात येतात. 2016 च्या बीआयएस कायद्यात अशा वस्तू खुणेशिवाय बनवणं, आयात करणं, विकणं, भाड्याने देणं, विक्रीसाठी साठवणं या सगळ्यालाच मनाई आहे. म्हणजे प्रश्न एकट्या कारखानदाराचा नाही, नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानदाराचाही आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद या कायद्यात केली गेली. त्यात ‘जमेल तेवढं घ्या’ हा पर्यायच नाही. सीई ही युरोपच्या बाजाराची खूण आहे, ती असली तरी भारतातली नोंदणी टळत नाही.

तपासणं सोपं आहे. अडॅप्टरच्या लेबलवर बीआयएसची खूण शोधा. तिच्या वर आयएस क्रमांक असतो, बऱ्याच अडॅप्टरवर तो आयएस 13252 (भाग 1), आणि खाली ‘आर-’ व पुढे आठ अंक. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये आर-नंबर तपासायची सोय आहे, तिथे तो टाका. ‘नंबर सापडला’ एवढ्यावर थांबू नका. ही नोंदणी प्रत्येक कारखान्याला, प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक ब्रँडला वेगळी मिळते. म्हणून अ‍ॅपवरचा ब्रँड लेबलशी जुळतो का, वस्तूचा प्रकार तोच आहे का, नोंदणी आज चालू आहे का, हे तिन्ही बघा. मोबाईल चार्जरचा खरा नंबर लॅपटॉप अडॅप्टरवर छापलेला असेल तर तो नसल्यातच जमा. वायरवर मात्र आर-नंबर शोधू नका. पीव्हीसी वायरला आयएस 694 आणि आयएसआय खूण लागते, आणि तिथला क्रमांक ‘सीएम/एल’ने सुरू होतो.

हा अट्टहास कशासाठी, ते अडॅप्टर उघडल्यावर कळतं. एका बाजूला घरातली 230 व्होल्टची वीज, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपला जाणारे 19 व्होल्ट, आणि मध्ये एक छोटा निळा कपॅसिटर दोन्हींना जोडतो. तो वाय दर्जाचा असावा लागतो, कारण तो बिघडला तर सर्किट तुटावं अशी त्याची रचना असते. काही रुपये वाचवायला तिथे साधा कपॅसिटर लावला आणि तो शॉर्ट झाला, तर 230 व्होल्ट थेट लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येतात. सर्किट बोर्डावर छापलेल्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या रेषा फार जवळ असल्या तरी धोका तोच. त्यात नागपूरचा मे महिना. खोलीच चाळिशीपार गेलेली असते आणि अडॅप्टरची स्वतःची गरमी त्यावर चढते.

ऐच्छिक आणि सक्तीचं एकत्र येतात ते साधनांच्या नोंदवहीत. सीरियल नंबर, खरेदीची तारीख आणि वॉरंटी यांच्या शेजारी आर-नंबरचा रकाना ठेवा, आणि तपासल्याची तारीखही. मग एक नियम करा: अडॅप्टर किंवा बॅटरी बदलली की तो ‘बदल’ म्हणून नोंदवायचा आणि नंबर भरल्याशिवाय बंद करायचा नाही. वस्तू खरेदीच्या वेळी अस्सल असते आणि दीड वर्षाने ‘लोकल’ अडॅप्टर लागतो तो नेमका अशा न नोंदवलेल्या बदलातून.

आयटी सेवा पूर्णपणे ऐच्छिक आहे असंही समजू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस ठेवावे लागतात. ज्यांच्याकडे तक्रार कधी आली याची वेळच लिहिलेली नाही, त्यांना ते सहा तास कुठून मोजायचे हेच कळणार नाही.