दाराआड कान

रविवार, रात्री अकरा

गुडघे अजून ठणकताहेत. आज जपानी चहाविधी शिकवणाऱ्या माझ्या सेन्सेईंकडे, म्हणजे गुरूंकडे, रोबिराकी होती. नोव्हेंबर लागला की चटईतली चौकोनी चूल उघडून हिवाळ्यातला पहिला चहा करतात, तो दिवस. पाहुण्या तिघी. मी पाहुणी नव्हते, मी मिझुयात. मिझुया म्हणजे चहाच्या खोलीला लागून असलेली मोरीवजा कोठी. भांडी विसळायची, निखारे सांभाळायचे, हाक न मारता लागेल ते पुढे करायचं. चार वर्षांच्या शिकण्यानंतरची ही बढती. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे धुणीभांडीच ना?"

त्या कोठीत आज माझी कथा मेली.

दोन महिने लिहीत होते. सोळाव्या शतकातलं साकाई हे जपानी व्यापारी बंदर, तिथला एक चहागुरू, आणि तो आतून हेर. रेशमी रुमालाच्या घडीत खूण, बांबूचा चमचा ठेवायच्या नळीत चिठ्ठी, फुलदाणीतल्या फुलावरून हल्ल्याचा दिवस ठरणार, असलं सगळं. सेन्सेईंना भीत भीत सांगितलं होतं. त्या हसल्या नाहीत. "एवढं सगळं कशाला?" इतकंच म्हणाल्या. मला वाटलं, वयामुळे गोष्टीतली गंमत कळत नसेल.

आज जेवणाच्या वेळी उलगडा झाला. यजमान पाहुण्यांबरोबर बसून जेवत नाही. वाढून झालं की "मी आत दोन घास खाते" असं सांगून कागदाने मढवलेलं सरकतं दार ओढून घेतो आणि दाराला लागूनच बसतो. पलीकडचं काही दिसत नाही, सगळं कानांनी कळायला हवं. वाटीवर झाकण पडलं, कुणाचा तरी साके संपला, कोण अजून खातंय. जेवण आटोपलं हे पाहुणे तोंडाने सांगत नाहीत. सगळे मिळून एकाच क्षणी चॉपस्टिक्स ताटाच्या काठावरून आत पाडतात. टप्प. ते ऐकलं की दार उघडायचं. आधी उघडलं तर पाहुण्यांना उठवल्यासारखं होतं, उशीर केला तर यजमानाचं लक्ष नव्हतं असं होतं.

सेन्सेई दारापासून वीतभर अंतरावर बसल्या होत्या. हातात वाटी, तोंडात घास, आणि चावणं थांबलेलं. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी कानाला बोट लावलं. बस.

आता माझ्या हेराला मी काय शिकवणार? दाराआड कान लावून बसणं हा तर त्याचा शिष्टाचार! वेषांतर नको, चिठ्ठी नको. तलवारी बाहेरच्या खुंटीवर राहतात. पाहुणे जेमतेम दोन फुटी दारातून रांगत आत येतात, दोन-तीन चटयांच्या जागेत गुडघ्याला गुडघा लावून बसतात, आणि एकाच वाडग्यातून घट्ट चहा पितात. मग बोलतात. यजमान पाणी ओततो.

बोलायचं काय नाही, याचीही यादी होती. त्या शतकातला सर्वांत मोठा चहागुरू रिक्यू, त्याचा शिष्य यामानोउए सोजी याच्या वहीत एक जुनं कडवं दिलंय. आपला देव, शेजाऱ्याचं धन, जावई-सासरे, देशातल्या लढाया, माणसांचं बरंवाईट, हे पाच विषय चहाच्या खोलीत वर्ज्य. (हे पाच काढले तर आमच्या घरी चहा मुकाट्यानेच प्यावा लागेल.) लोक नेमकं यावरच बोलत असणार, त्याशिवाय कडवं कशाला रचतील? आणि सोजीलाच जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९० साली ओदावाराच्या वेढ्यात नाक-कान कापून मारलं.

मागच्या रविवारी हानकाईच्या ट्रामने साकाईतल्या शुकुइनला उतरून रिक्यूच्या घराची जागा पाहून आले. एक विहीर उरलीय. साकाईत चहा आणि बंदुका एकाच गल्लीतून जात, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं. १५७५ साली नोबुनागाने, म्हणजे हिदेयोशीच्या आधीच्या सत्ताधीशाने, रिक्यूला लिहिलेलं आभाराचं पत्र आहे. कशाबद्दल आभार? बंदुकीच्या हजार गोळ्या पाठवल्याबद्दल. पुढे १५८६ मध्ये क्यूशू बेटावरचा सरदार ओतोमो सोरिन ओसाकाच्या किल्ल्यावर मदत मागायला आला, तेव्हा हिदेयोशीच्या भावाने त्याला कामाची रीत समजावली: खाजगीतलं काही असेल तर रिक्यूला सांगा, सरकारी असेल तर मला. सोरिनने हे घरी पत्रात कळवलं. चहा करणाऱ्याला खाजगीतलं सगळं ठाऊक, हे लपवण्यासारखं कुणाला वाटतच नव्हतं. पाच वर्षांनी त्याच रिक्यूला हिदेयोशीने पोट फाडून घ्यायला लावलं.

त्याच १५९१ साली, रिक्यूच्या मृत्यूआधी सातएक आठवडे, क्योतोत हिदेयोशीसमोर गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचं पत्र ठेवलं गेलं. ते घेऊन आला होता वालिन्यानो हा पाद्री. हे पत्र क्योतोच्या म्योहो-इन मंदिरात आजही आहे. आणि या वालिन्यानोने जपानातल्या आपल्या पाद्र्यांना दहा वर्षं आधीच नियम घालून दिला होता की प्रत्येक मठात चहाची जागा हवी, पाहुण्यांना चहा देणारा माणूस हवा. पाद्र्यांची पत्रं मकाव, गोवा करत युरोपात जायची. चहाच्या वाफेतलं किती काय मांडवीच्या काठापर्यंत पोचलं असेल!

मला जास्त छळतात त्या वह्या. नारातल्या मात्सुया घराण्याने १५३३ पासून, साकाईच्या त्सुदा घराण्याने १५४८ पासून पिढ्यान् पिढ्या लिहिलं: आज कुणाकडे चहा, पाहुणे कोण, भिंतीवर काय टांगलं, किटली कुठली, जेवायला काय. १५८२च्या नववर्षातली त्सुदा सोग्यूची एक नोंद आहे. यजमान नोबुनागाचा सरदार आकेची मित्सुहिदे, पाहुणे सोजी आणि सोग्यू. कोनाड्यात टांगलंय धनी नोबुनागाच्या हातचं पत्र. पाच महिन्यांनी मित्सुहिदेने नोबुनागा उतरला होता त्या क्योतोच्या होन्नोजी मंदिराला वेढा घातला, आणि नोबुनागा तिथेच संपला. त्या सकाळी तिघं काय बोलले? त्याची ओळ नाही. वाडग्याचा रंग लिहिणाऱ्या माणसाच्या कानात बोळे नव्हते.

आज सेन्सेईंनी काढलेली धुपाची डबी ओरिबे घाटाची होती. रोबिराकीला ओरिबे, इन्बे (बिझेनची मातीची भांडी) आणि फुकुबे (भोपळा) अशा तीन 'बें'च्या वस्तू काढायची चाल आहे. हिरवी झिलई, बोटाने मुद्दाम दाबल्यासारखी वाकडी. घाटाला ज्याचं नाव, तो फुरुता ओरिबे हा खुद्द शोगुन हिदेतादाचा चहागुरू. १६१५ साली त्याच्यावर हेरगिरीचाच आळ आला. त्याच्या चहाच्या चाकरीतला किमुरा सोकी क्योतोला आग लावण्याच्या कटात पकडला गेला, आणि शोगुनच्या वेढ्यातल्या ओसाकाशी संधान असल्याचा ठपका खुद्द ओरिबेवर. सत्तरी ओलांडलेला माणूस. पोट फाडायचा हुकूम झाला. म्हणतात की सफाईचा एक शब्दही बोलला नाही. माझ्या कथेत हेराला शेवटी दीड पानाचं भाषण दिलं होतं. खोडलं.

तर आज दाराआड.

तिघी जेवता जेवता हळू आवाजात बोलत होत्या. आधी हवा, मग कुणाची सून. मग सेन्सेईंबद्दल. कागदाच्या दारातून सगळं ऐकू येतं, हे त्या तिघींनाही माहीत असायला हवं, त्याही वीस वर्षं शिकताहेत. एक वाक्य ऐकून मी सेन्सेईंकडे पाहिलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. चूल पुरेशी तापली असावी, कारण तळाला डकवलेल्या लोखंडाच्या तुकड्यांमुळे किटली पलीकडे सूं करायला लागली होती. पाइनच्या झाडीतला वारा म्हणतात त्याला.

टप्प.

सेन्सेईंनी दार सरकवलं, हात टेकून वाकल्या आणि जेवण साधंच होतं म्हणून माफी मागितली. आवाजात काही नव्हतं.

परत येताना स्टेशनवर थांबून वहीत लिहिलं:

रोबिराकी. पाहुण्या तीन. कोनाड्यात पांढरी कामेलिया, एक कळी. धुपाची डबी ओरिबे. गोड म्हणून इनोको-मोची, मला दोन मिळाले. मिझुयात मी.