ताटाची डावी बाजू

"कोशिंबीर वाढलीच नाही," असं आजी रोज म्हणायच्या आणि कोशिंबीर रोज ताटातच असायची. सूनबाई रडकुंडीला आल्या होत्या. "मुद्दाम करतात हो. लोकांना वाटेल, मी जेवायला घालत नाही."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आजींचं जेवण नुकतंच झालं होतं, ताट उचलायचं होतं. भाजी, आमटीची वाटी, पोळी, उजवीकडचं सगळं चाटूनपुसून साफ. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर जशीच्या तशी. मधोमध रेघ मारल्यासारखं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, सांगलीत पेशंटच्या घरी जाऊन काम करते. आजींना सात आठवड्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता, मेंदूच्या उजव्या भागात. डावा हात-पाय कमजोर झाला, हे घरच्यांना दिसत होतं. पण उजवा मेंदू दुखावला की कधी कधी डावीकडचं जगच माणसाच्या खिजगणतीत राहत नाही. डोळे धड असतात, मेंदू तिकडची दखल घेत नाही. आजींचे केस उजव्या बाजूने विंचरलेले असायचे, डावीकडे तसेच विस्कटलेले. वॉकर दरवेळी डावीकडे दाराच्या चौकटीला अडकायचा. आणि आपलं काही सुटतंय हे पेशंटला जाणवतच नाही, त्यामुळे नुसतं "डावीकडे बघा" म्हणून भागत नाही.

हे समजावून सांगितलं तेव्हा सूनबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी त्यांना काय काय बोलले हो."

पहिले दोन आठवडे मी पुस्तकात शिकवलेल्या वाटेनेच गेले. कागदावर विखुरलेल्या चांदण्या खोडायच्या. टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून तिथून नजर फिरवायला सुरुवात करायची. बोर्डवर खुंट्या बसवायच्या. हे उपाय चांगले आहेत, अनेकांना लागू पडतात. आजी मात्र उजवीकडच्या चार चांदण्या खोडून पेन्सिल खाली ठेवायच्या. "झालं. अजून किती खेळायचं?"

या बाईंनी ३० वर्षं कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवली, हे मला तिसऱ्या आठवड्यात बोलता बोलता कळलं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, आमच्या कामाची सुरुवातच तिथून होते. कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं, तरी अजून लोक विचारतात, ऑक्युपेशन म्हणजे तुम्ही नोकरी लावून देता का? माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो ती सगळी आमच्या लेखी ऑक्युपेशन. अंघोळ, भाजी निवडणं, दारातली रांगोळी, नातवाचं दप्तर भरणं.

दुसऱ्या दिवशी खुंट्या बॅगेतून काढल्याच नाहीत. आजींसमोर रिकामं ताट ठेवलं, उजव्या हाताशी वाढायचं सगळं मांडलं. "आजी, चार माणसं जेवायला आहेत. पानं वाढता?"

वाटलं, आधी भाजी घेतील, सगळ्यात जवळ तीच होती. त्यांनी चिमटीत मीठ घेतलं. हात ताटाच्या उजव्या कडेवर आला आणि थांबला. मध्यावर सरकला, पुन्हा थांबला. आणि मान वळली. दोन आठवडे मी जी मान वळवायला धडपडत होते, ती आपणहून डावीकडे वळली, मागोमाग हात गेला आणि मीठ पानाच्या डाव्या बाजूला पडलं. जिथे पडायला हवं तिथून बोटभर अलीकडे असेल, पण मध्य ओलांडून.

"आधी मीठ," त्या म्हणाल्या. "मिठाशिवाय पान सुरू करायचं नसतं."

माझ्या अंगावर काटा आला. चांदण्या खोडण्यासाठी डावीकडे जायचं त्यांना काही कारण नव्हतं. मीठ वाढण्यासाठी होतं, आणि हजारो पानं वाढून ती वाट हातात मुरलेली होती.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या ताटात चटणी उजवीकडेच पडली, तिसऱ्यात कोशिंबीर राहिली, चौथ्याला त्या दमल्या. पण त्या दिवसापासून घरात नियम झाला: पहिला घास घेण्याआधी ताटाच्या कडेवरून बोट फिरवत मीठ शोधायचं. ताट सरकू नये म्हणून डावा हात उचलून काठावर ठेवायचा, म्हणजे तोही कामाला लागला. रात्रीची चार पानं त्याच वाढू लागल्या. सूनबाई शेजारी उभ्या राहायच्या, चुकलं तरी मध्ये बोलायच्या नाहीत. हे त्यांना किती जड गेलं असेल, मला ठाऊक आहे.

सहा आठवड्यांनी चांदण्यांचा कागद पुन्हा दिला. डाव्या कोपऱ्यातल्या काही सुटल्याच. काही सुधारणा या काळात आपोआपही होत असते, त्यामुळे कुठली कशाने झाली याचा हिशेब मी मांडत नाही. त्याच रात्री सूनबाईंचा व्हॉइस मेसेज आला.

"मॅडम, आज आई म्हणाल्या, कोशिंबिरीत मीठ कमी आहे."