रिपोर्टवर रेंज कुणाची? बायोच्या आजारपणाचा माझा अनुभव

म्हाताऱ्या मांजराचं वजन उतरायला लागलं की आमच्याकडे जो तो एकच सांगतो, "पिराय जाल्या गो तिची." शेजारच्या वहिनींनी सांगितलं, दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईने सांगितलं आणि पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही थोड्या वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. पण म्हातारपण हा काही आजार नव्हे. वजन घटायला कारण असतं आणि पुष्कळदा ते साध्या रक्त-लघवीच्या तपासणीत सापडतं. आमच्या बायोचं कारण तर पहिल्याच रिपोर्टात छापून आलं होतं. ते कुणी वाचलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

बायो १४ वर्षांची. फोंड्याच्या आमच्या घरी ती पिल्लू असल्यापासून आहे. वजन उतरत होतं, पण भूक मात्र दुप्पट झाली होती. पूर्वी बांगड्याचं डोकं दिलं तर पायरीवर बसून निवांत खायची. आता हातातून ओढून घ्यायची आणि लगेच परत ओट्यापाशी येऊन ओरडायची. मध्यरात्री उठून घसा फाडून रडायची. अंगावरचे केस तेलकट होऊन चिकटले होते आणि पाठीवरून हात फिरवला की कण्याचा मणी न् मणी बोटाला लागायचा. "खाते ना चांगली, मग काळजी कसली?" असं ह्यांचंही म्हणणं होतं. मला काळजी नेमकी त्याचीच वाटत होती. मांजर खाणं सोडून वाळलं तर कुणीही घाबरतं, पण थायरॉईड, मधुमेह आणि आतड्याच्या काही आजारांत मांजर भरपूर खातं आणि तरीही वाळत जातं.

वजनाचं आधी सांगते, कारण पुढे सगळ्यात उपयोगी तेच पडलं. मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत ढोबळ आहे. घरातल्या काट्यात शंभर-दोनशे ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात आणि मांजराच्या बाबतीत तेवढाच तर फरक बघायचा असतो. तान्ह्या बाळांसाठी मिळतो तो काटा आणा. बायो दोन वर्षांपूर्वीच्या लसीच्या कार्डावर ४.१ किलो होती, ती ३.३ वर आली होती. म्हणजे अंगाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. ६० किलोच्या माणसाचं वजन असं काही कारण नसताना ४८ वर आलं, तर घरातलं कुणी वय झालं म्हणून गप्प बसेल का?

पहिल्या दवाखान्यात दात बघितले, जंताचं औषध दिलं, ताप बघितला. तिथवर सगळं झटपट झालं. रक्त काढताना बायोने फारसा त्रासही दिला नाही. थायरॉईडची तपासणी दवाखान्यातल्या मशीनवर होत नाही, म्हणून रक्ताची नळी माझ्या हातात देऊन डॉक्टरांनी मला गावातल्या एका लॅबमध्ये पाठवलं. लॅब माणसांची. गोव्यात हे काही वेगळं नाही, छोट्या दवाखान्यांना जवळपास दुसरी सोय सहसा नसते. त्यात वाईटही काही नाही. थायरॉक्सीन हे थायरॉईड ग्रंथीतून रक्तात येणारं संप्रेरक, रिपोर्टात ज्याला टी-४ म्हणतात, ते माणसात आणि मांजरात एकच असतं. मशीन ते मोजू शकतं. घोळ झाला तो मोजल्यानंतर.

काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"बायो. मांजर आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय."

"आडनाव घालावं लागतं, मॅडम. रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही."

आमचं आडनाव घातलं. मग वय विचारलं, १४. लिंग विचारलं, स्त्री. प्राणी कोणता, असा रकाना त्या फॉर्मवर नव्हताच. मी त्याला म्हटलं, "कुठेतरी मांजर म्हणून लिहा हो." त्याने नळीवरच्या चिकटपट्टीवर पेनाने 'कॅट' असं लिहिलं. त्या पट्टीवरची ती अक्षरं मी स्वतः पाहिली. पण नळी आत गेली, मशीनला लागली आणि रिपोर्ट छापून आला तो चौदा वर्षांच्या मुलीचा.

रिपोर्टात डावीकडे आकडा, उजवीकडे नॉर्मल रेंज आणि मध्ये, आकडा रेंजबाहेर असेल तर वरचा की खालचा ते सांगणारी खूण. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन १.५, त्यापुढे वाढल्याची खूण. यकृताचं एएलटी, त्यापुढेही वाढल्याची खूण. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारं संप्रेरक, कमी. आणि टी-४ ८.६, त्यापुढे काहीच नाही, कारण शेजारी छापलेली रेंज साधारण ५ ते १४ अशी होती. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, खुणा तेवढ्या बघितल्या आणि म्हणाले, "थायरॉईड नॉर्मल आहे. किडनी जायला लागलीय. या वयात होतंच." मूत्रपिंडाच्या आजारासाठी मिळतं ते कमी प्रथिनांचं कोरडं खाणं त्यांनी लिहून दिलं.

आता मांजराचे आकडे बघा. टी-४ मांजरात साधारण १ ते ४ च्या आसपास असतं; लॅबप्रमाणे थोडं कमीजास्त. ८.६ म्हणजे वरच्या हद्दीच्या दुप्पट, म्हणजेच थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. आणि ज्या क्रिएटिनिनवरून किडनी गेली म्हणाले, ते १.५ मांजरासाठी काळजीचं नव्हतं. मूत्रपिंडाच्या आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या आयरिसच्या पद्धतीत मांजराचा दुसरा टप्पाच १.६ पासून सुरू होतो. टीएसएचच्या आकड्याला तर काही अर्थच नव्हता, माणसाच्या टीएसएचचं किट मांजराचं टीएसएच धड ओळखत नाही. एकाच कागदावर आजार नॉर्मल म्हणून छापला गेला आणि जे ठीक होतं ते आजार म्हणून.

ते कोरडं खाणं बायो खाईना. भुकेने ताटाभोवती फिरायची, हुंगायची, आणि भांडं पंजाने सरकवून ओरडायची. आधीच स्नायू झडलेल्या मांजराची प्रथिनं आम्ही कमी करत होतो. काट्यावर ती ३.१ झाली.

मला स्वतःला थायरॉईडची गोळी चालू आहे, त्यामुळे असले रिपोर्ट दर सहा महिन्यांनी माझ्या हातात पडतात. एका दुपारी माझा आणि बायोचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघत होते, तर दोन्हीवरची रेंज तीच. मी लॅबला फोन केला. "आम्ही फक्त आकडा देतो मॅडम, अर्थ डॉक्टर लावतात." दवाखान्यात फोन केला. "लॅबनेच नॉर्मल दिलंय ना?" मी म्हटलं, रेंज माणसाची आहे. पलीकडून उत्तर आलं, "सिस्टीममधून तशीच येते." लॅबला विनंती केली की निदान रेंज काढून टाकून रिपोर्ट परत द्या. तर म्हणे, रेंजशिवाय रिपोर्ट छापता येत नाही. मग लेखी अर्ज मागितला. अर्ज दिला, तर त्यावर पेशंटची सही हवी म्हणाले, किंवा पेशंट वयाने अज्ञान असल्यास पालकाची. मी पालक म्हणून सही केली. त्यानंतर कळलं की ज्यांच्याकडे अर्ज जातो ते सुट्टीवर आहेत. या सगळ्यात श्रावण सरला आणि चवथीची गडबड सुरू झाली. माझं मांजर रात्रभर रडत होतं आणि दोन काउंटर एकमेकांकडे बोट दाखवत होते. यात कुणी वाईट वागलं असंही नाही, सगळे गोड बोलत होते. पण तो एक आकडा वाचण्याची जबाबदारी आपली आहे, असं कुणालाच वाटत नव्हतं.

तो अर्ज मी तिथेच सोडला आणि बायोला घेऊन पणजीला प्राण्यांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. इथे एक सांगायचं राहिलं: पिंजरा आयत्या वेळी माळ्यावरून काढू नका. आठवडाभर आधी काढून, झाकण उघडं ठेवून, आत तिच्या वासाची जुनी चादर घालून हॉलमध्ये ठेवा. घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर नुसत्या भीतीने वाढते आणि मग मधुमेहाचा संशय येतो. तसं झालं तर फ्रुक्टोसामाईन नावाची तपासणी करतात, त्यात मागच्या एक-दोन आठवड्यांतली सरासरी साखर कळते. बायोची साखर ठीक होती.

पणजीच्या मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला आणि आधी पेन काढलं. छापलेल्या रेंजवर काट मारली, वर मांजराची रेंज लिहिली, आणि ८.६ भोवती गोल केला. मग बायोला टेबलावर बसवलं, तिची हनुवटी वर केली आणि अंगठा व तर्जनी गळ्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू छातीकडे सरकवत नेली. श्वासनलिकेच्या डाव्या बाजूला बोटं थांबली. "इथे हात लावून बघा," म्हणाल्या. वालाच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाखालून निसटलं. ती वाढलेली थायरॉईड ग्रंथी. छातीचे ठोके मिनिटाला २४०. पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधून रक्तदाबही बघितला. तो कुठेही म्हाताऱ्या मांजराचा बघून घ्या, कारण वाढलेल्या रक्तदाबाने डोळ्याचा पडदा सुटून मांजर एकाएकी आंधळं होऊ शकतं. बायोचा थोडा चढा होता, औषध लागेल इतका नव्हता.

पहिल्या दवाखान्यात गळ्याला कुणी हात लावला नव्हता. त्या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि मशीनही लागत नाही.

मॅडमनी पोटाची सोनोग्राफी केली, कारण म्हाताऱ्या मांजरात एकाच वेळी दोन आजार असू शकतात. आतड्याची भिंत जाड झाली असेल तर सूज किंवा लिम्फोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाचा, संशय घेतात आणि रक्तातलं बी-१२ ही बघतात. आतडं ठीक निघालं. सोनोग्राफी चालू असतानाच सुईने लघवीचा नमुना घेतला. हे मला फार बरं वाटलं, कारण बायो परसातल्या मातीत जाते, तिची लघवी घरी गोळा करणं अशक्य. लघवीची घनता १.०३५ च्या वर निघाली, म्हणजे मूत्रपिंडं लघवी अजून नीट घट्ट करत होती. पक्कं करण्यासाठी नवा नमुना प्राण्यांच्या लॅबकडे राज्याबाहेर पाठवला. तिथून आलेल्या रिपोर्टावर पहिल्याच ओळीत प्राणी: मांजर असं होतं. टी-४ पुन्हा वाढलेलंच.

उपचार सोपा निघाला. माणसांना देतात तीच कार्बिमाझोल, मांजराच्या मापात. डोस मी लिहीत नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. गोळी पेडव्याच्या, त्या छोट्या माशाच्या, गरात दडवली की बायो गिळते. गोळीची पूड करू नका. घरात गरोदर बाई असेल तर तिने त्या गोळीला उघड्या हाताने शिवायचं नाही. चवथीला भाची आली होती, तिला मॅडमनी हे बजावून सांगितलं. पहिले तीन महिने डोळ्यात तेल घालून बघायचं: उलट्या, खाणं सुटणं, तोंड-मान खाजवून रक्त काढणं असं काही दिसलं की लगेच फोन. क्वचित पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून रक्ताची मोजणीही करतात. आणि कारण कोणतंही असो, मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर सोमवारची वाट बघू नका, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि तो नवाच जीवघेणा आजार होतो.

मूत्रपिंडाची खरी तपासणी मात्र आता आहे. थायरॉईड वाढलेला असताना मूत्रपिंडातून रक्त जोरात वाहतं आणि तिथला बिघाड झाकला जातो. टी-४ खाली आलं की क्रिएटिनिन वर जाऊ शकतं. म्हणून औषध सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी दोन्ही पुन्हा करायचं. बायोचं पहिलं फेरतपासणीचं टी-४ आलं २.८ आणि क्रिएटिनिन १.७. म्हणजे मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवायचं आहे, पण खाणं बदलायची गरज नाही असं मॅडमनी सांगितलं. तो रिपोर्ट वाचून मी गाडीतच रडले.

टी-४ काठावर येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं: लक्षणं थायरॉईडची आणि आकडा रेंजच्या वरच्या टोकाला, असं असेल तर तिथे थांबू नका. दुसऱ्या एखाद्या आजाराने टी-४ खाली ओढलं जाऊ शकतं. काही आठवड्यांनी पुन्हा करा, किंवा फ्री टी-४, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी-४ मोजणारी तपासणी, विचारा. आणि दर वेळी त्याच लॅबमधून करा, दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नसतो.

लॅबमध्ये नळी देताना चिकटपट्टीवर कुणी 'कॅट' लिहिलं तर त्यावर विसंबू नका. डॉक्टरांकडे जाण्याआधी मांजराची रेंज स्वतः पेनाने प्रत्येक आकड्यासमोर लिहून न्या, आणि "नॉर्मल" म्हणाले तर कुणाच्या रेंजने, ते तिथेच विचारा. बायो कालच्या वजनाला ३.७ भरली. रात्री झोपते. त्या लॅबकडे केलेल्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि त्यांच्या फॉर्मवर प्राण्याचा रकाना घालावा म्हणून मी दुसरा अर्ज दिला आहे.