पहिला डीएसएलआर आणि ‘दोष आढळला नाही’चा कागद

खिशात मावणाऱ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर मी बरीच वर्षं हौस भागवली. मग त्याच्या मर्यादा खुपायला लागल्या. बटण दाबल्यावर फोटो निघेपर्यंत पक्षी उडून गेलेला असायचा आणि संध्याकाळी घरातल्या उजेडात काढलेले फोटो रवाळ यायचे. अशा कॅमेऱ्यातला सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो. हौशी लोकांच्या डीएसएलआरमधला (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यातला) एपीएस-सी नावाच्या आकाराचा सेन्सर साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने बारा पटींच्या आसपास. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं होतं. सुरुवातीच्या श्रेणीतली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), सोबत मिळणारी १८-५५ एमएमची झूम, म्हणजे किट लेन्स, आणि थोड्या दिवसांनी ५० एमएम एफ १.८ ही लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, मोठं. खरेदी सुरळीत झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्रास सुरू झाला तो या ५० एमएमपासून. भाचीचा खिडकीपाशी बसवून फोटो काढला. फोकसचा ठिपका बरोबर तिच्या डोळ्यावर होता. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला तर नाकाच्या शेंड्यावरची बारीक लव मोजता येईल इतकी स्पष्ट, आणि पापण्या पुसट. पुढचा फोटो तसाच, त्याच्या पुढचाही तसाच. एफ १.८ ला एक मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम तीन सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. तो पट्टा दरवेळी डोळ्यांच्या पुढे पडत होता. किट लेन्सवर हे कधी जाणवलं नव्हतं, कारण ५५ एमएमला तिचं अपर्चर एफ ५.६ च्या वर उघडतच नाही. तिथे पट्टा दुपटीहून रुंद असतो आणि चूक झाकली जाते.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पहिलं वाक्य ऐकलं ते असं : “मॅडम, नवीन लेन्सवर हात बसायला वेळ लागतो.” कॅमेरा ट्रायपॉडवर होता हे मी सांगत होते, ते कुणी लिहूनही घेतलं नाही. लेन्स ठेवून घेतली. खूप वाट पाहायला लावून परत दिली, सोबत कागद : ‘दोष आढळला नाही.’ मग म्हणाले, बॉडी देऊन बघा. बॉडी दिली. पुन्हा तेवढीच वाट, पुन्हा तोच कागद. फोन केला की ‘टेक्निशियनशी बोलून सांगतो’, आणि नंतर कुणी काही सांगायचं नाही. हे लिहितानाही मला त्याचा राग येतो, कारण उत्तर अवघड नव्हतं.

डीएसएलआरमध्ये आपण व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) पाहतो तेव्हा मुख्य आरशामागचा एक छोटा आरसा थोडा प्रकाश खाली वळवतो आणि तळाशी असलेला वेगळा फोकस सेन्सर अंतर ठरवतो. फोटो मात्र मागच्या मुख्य सेन्सरवर उमटतो. या दोन वाटा तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात. केसभर फरक पडला की फोकस पुढे किंवा मागे सरकतो. कारखान्यात बॉडीला थोडी सूट असते, लेन्सलाही थोडी सूट असते. दोघी आपापल्या जागी ‘पास’ होतात, आणि दोघींची चूक एकाच दिशेची निघाली की एकत्र आल्यावर बेरीज होते. म्हणून वेगवेगळ्या तपासून काहीच सापडणार नव्हतं.

हे मी घरी सिद्ध केलं. टेबलावर तीन बॅटरी सेल तिरक्या ओळीत उभे केले, मधल्यावर फोकस, कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर, अपर्चर पूर्ण उघडं. आधी व्ह्यूफाइंडरने फोटो काढले, मग लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून. माझ्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू मुख्य सेन्सरवरूनच फोकस करतो, त्यामुळे त्यात मधला सेल लख्ख आला. व्ह्यूफाइंडरने प्रत्येक वेळी पुढचा. दर फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा करायला लावायचा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. आणि हो, व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं छोटं चाक आधी आपल्या नजरेला जुळवून घ्या. ते चुकलं तर दिसणारं चित्र धूसर असतं, पण फोटो बिघडत नाही. या दोन तक्रारींची गल्लत होऊ देऊ नका.

फोटोंचे प्रिंट घेऊन गेले आणि वरिष्ठांना भेटल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. आतून एक बाई आल्या, त्यांनी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, “दोन्ही एकत्र का नाही घेतलं यांनी?” वॉरंटी चालू होती, त्यांनी बॉडी आणि लेन्स एकमेकींशी जुळवून दिली. त्यानंतरच्या पहिल्याच फोटोत पापण्या सुट्या सुट्या दिसल्या. अडून बसले याचा मला अभिमान आहे.

मधल्या श्रेणीतल्या अनेक बॉडींमध्ये ही जुळवणी मेनूतूनच करता येते, स्वस्त बॉडींमध्ये बहुधा ती सोय नसते. मोठ्या अपर्चरच्या लेन्स वापरायच्या असतील तर चार मेगापिक्सेल कमी चालतील, ही सोय बघा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते आणि जुन्या ५० एमएम एफ १.८ डी लेन्समध्येही नसते, त्यामुळे ती त्यांवर ऑटोफोकस करत नाही, हेही घेण्याआधी तपासा. आणि सेलची चाचणी, वस्तू बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत करा.

दुरुस्तीला देताना दोन्हींचे सिरीयल नंबर पावतीवर घ्या, आपलं मेमरी कार्ड काढून ठेवा. तक्रारीच्या रकान्यात ते ‘फोटो ब्लर’ असं मोघम लिहितात, तसं लिहू देऊ नका. ‘व्ह्यूफाइंडरने एफ १.८ ला फोकस पुढे पडतो, लाइव्ह व्ह्यूत बरोबर. बॉडी व लेन्स एकत्र जुळवणे’ एवढं शब्दशः लिहून घ्या आणि मगच सही करा.