जंगल आधीच साफ का करून टाकत नाही?

पुण्याला आले की कोणी ना कोणी विचारतंच, "तिकडे ऑस्ट्रेलियात एवढे वणवे लागतात, तर आजूबाजूचं जंगल आधीच साफ का करून टाकत नाही तुम्ही?" जेवणाच्या पानावर याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आता नीट लिहिते.

मी सिडनीच्या पश्चिमेला, ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी राहते. कुंपणापलीकडे निलगिरीचं रान आहे. घराजवळ आम्ही साफ करतो, अगदी निर्दयपणे. बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी, म्हणून उन्हाळ्याआधी मी शिडी लावून पन्हळीतला पाचोळा काढते. आमच्या राज्यात, न्यू साउथ वेल्समध्ये, नियमात बसणाऱ्या घरांना 10 मीटरच्या आतली झाडं आणि 50 मीटरच्या आतली झुडपं परवानगीशिवाय काढता येतात. माणसं जगली पाहिजेत, त्यात मला तडजोड नको.

प्रश्न त्यापलीकडच्या उताराचा आहे. तिथे बँक्सिया आहे. आमच्या इथल्या जातीचं हे झुडूप आगीत मरतं, पण त्याची लाकडासारखी टणक बोंडं उष्णतेनं उघडतात आणि राखेत बी पडतं. म्हणजे आग त्याला हवीच. पण नव्या रोपाला फुलून पुरेसं बी धरायला सहा-आठ वर्षं लागतात आणि त्याआधी दुसरी आग आली तर तिथला बँक्सिया संपला. इकडे पाचोळा तीन-चार वर्षांत पुन्हा साचतो. खरं भांडण आहे ते या दोन मुदतींचं. म्हणून उतार तुकड्यातुकड्यानं, आळीपाळीनं जाळायचा. आमचं स्वयंसेवकांचं अग्निशमन दल थंडीच्या दिवसांत मंद आग लावतं. त्याआधी आम्ही दाताळी घेऊन ढोलीच्या जुन्या झाडांचे बुंधे पाचोळ्यापासून मोकळे करतो. ग्रेटर ग्लायडर नावाचा, झाडावरून झाडावर तरंगत जाणारा प्राणी अशाच ढोलीत राहतो आणि अशी ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षं जातात.

सरसकट साफ केलेल्या जागी काय उगवतं, माहितीये? घाणेरी! हो, आपल्याकडच्या टेकड्यांवर माजलेली तीच. उन्हाळ्यात वाळून ती सरपणासारखी पेटते. दर रविवारी आम्ही ती मुळासकट उपटतो.

2019-20च्या वणव्यांत 3,000हून अधिक घरं गेली, 33 माणसं गेली. त्याच दिवसांत आग वोलेमी राष्ट्रीय उद्यानातल्या एका दरीकडे सरकत होती. तिथे 1994 साली सापडलेली, वोलेमी पाइन नावाची दुर्मिळ झाडं आहेत. जंगलात त्यांची मोठी झाडं शंभरसुद्धा नाहीत. विमानांनी आगरोधक टाकलं, हेलिकॉप्टरमधून माणसं दोरानं उतरली, त्यांनी झाडांभोवती पाणी सोडण्याची सोय केली. झाडं वाचली. ती बातमी ऐकून मी रडले होते. पण आमच्या उतारावरच्या बँक्सियासाठी हेलिकॉप्टर येणार नाही. त्याला वाचवायचं तर पुढची आग कधी लावायची, हेच तेवढं आपल्या हातात आहे.

आमच्या मागच्या अर्ध्या उतारावर चार वर्षांपूर्वी आग लावली होती. तिथली रोपं आता माझ्या कमरेला लागतात, फूल अजून एकही नाही. मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडे हिवाळा लागताना, दलाची बैठक आहे. यंदा उरलेला अर्धा जाळा, असं मी तिथे सांगणार आहे.