आमची वाटचाल : रॅम विकत घेणं थांबलं त्या दिवसापासून

कोथरूडच्या दोन खोल्यांत हवामानाच्या डेटाची त्रिमितीय चित्रं करून द्यायला लागलो, तेव्हा मशीन अडलं की रॅम वाढवायची, एवढा एकच उपाय आम्हाला ठाऊक होता. कमाईतला बराच पैसा त्यातच जायचा.

मग एके दिवशी ग्राहकासमोरच पॅराव्ह्यू, म्हणजे ही चित्रं करायचं आमचं सॉफ्टवेअर, बंद पडलं. डेटा ईआरए५चा, म्हणजे जगभरच्या हवामानाच्या एका डेटासंचाचा होता. १४४० × ७२१ ची जाळी, दाबाच्या ३७ पातळ्या, म्हणजे ३ कोटी ८४ लाख बिंदू. वाऱ्याच्या एका वेळेच्या वेगाला ४ बाइटच्या हिशोबाने १५४ एमबी लागतात. आमच्या १६ जीबी रॅमला ते काहीच नव्हतं. घात केला तो मी लावलेल्या थ्रेशोल्डने, म्हणजे ठरावीक मर्यादेत बसणारे खणच ठेवणाऱ्या फिल्टरने.

त्या रात्री भागीदार आणि मी कागदावर हिशोब मांडला. नियमित जाळीत कुणाचा शेजारी कोण, हे नुसत्या क्रमांकावरून कळतं. थ्रेशोल्डमधून मात्र अनस्ट्रक्चर्ड ग्रिड, म्हणजे ठरलेला क्रम नसलेली जाळी, बाहेर पडते. तिथे प्रत्येक खणाला आपले ८ कोपरे नोंदवावे लागतात, खणामागे ६४ बाइट. माझी मर्यादा इतकी ढिली होती की जवळजवळ सगळे खण उरले आणि कोपऱ्यांच्या नोंदीच दोन जीबीच्या वर गेल्या. असे चार फिल्टर मी एकावर एक चढवले होते, आणि प्रत्येक टप्पा आपला निकाल मेमरीत धरून बसला होता. इतकी वर्षं आपण चुकीच्या जागी पैसे ओतले, याचं फार वाईट वाटलं.

तेव्हापासून आधी प्रदेश कापतो, मग बाकीचं. मान्सूनसाठी १० दक्षिण ते ४० उत्तर आणि ४० ते १०० पूर्व एवढाच तुकडा घेतला, तर १५४ एमबीचे साधारण ७ होतात. नेटसीडीएफ (हवामानाचा डेटा ज्या स्वरूपात येतो ती फाइल) उघडताना ‘स्फेरिकल कोऑर्डिनेट्स’, म्हणजे पृथ्वी गोल दाखवण्याचा पर्याय, बंद करतो. गोल पृथ्वीला प्रत्येक बिंदूची जागा वेगळी लिहावी लागते. सपाट पेटीत अख्ख्या जगालाही तीन अक्षांचे मिळून २१९८ आकडे पुरतात. थ्रेशोल्डच्या जागी शक्य तिथे स्लाइस (डेटाचा पातळ काप) किंवा कंटूर (समान मूल्याचा पृष्ठभाग) वापरतो.

तेच ग्राहक पुढे त्यांचा ८ जीबीचा लॅपटॉप घेऊन आले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात वळणारा सोमाली झोत, म्हणजे मान्सूनच्या जोरदार वाऱ्यांचा पट्टा, त्यांनी स्वतः माउसने सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. चहा तसाच राहिला.