सात माणसांचं ऑफिस आणि सहा प्रती

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसात मी अकाउंट्स बघायचे. आम्ही सगळे मिळून सात जण. त्रास देणारे खुद्द मालक. काय घडलं ते इथे लिहीत नाही. लैंगिक छळविरोधी कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीतला मजकूर, चौकशी, कुणाची ओळख, काहीच उघड करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. न्याय मिळाला एवढं मात्र नावं न घेता सांगता येतं. मला तो मिळाला, म्हणून लिहितेय.

दीड महिना मी गप्प बसले ते एका समजापायी: आपल्या ऑफिसात अशा तक्रारी ऐकणारी कमिटीच नाही, मग जायचं कुणाकडे? शेवटी वकिली करणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. तिचा पहिलाच प्रश्न, "शेवटचा प्रसंग कधीचा?" मी सांगितलं. "मग घाई कर. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते." कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका.

तिनंच समजावलं. २०१३ च्या या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. माणसं कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बायकांनाही हीच समिती आहे, हे तर मला ठाऊकच नव्हतं. मी कोर्टनाक्याला जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन चौकशी केली.

खरा घाम फुटला तो तारखांनी. "गणपतीनंतर", "त्या दिवशी पाऊस होता" एवढ्यानं कुठे भागतं? मग माझ्याच हातची कॅशबुक आठवली. लंच टाइममध्ये पानं उलटत गेले. कुरिअर, चहाचं बिल, टोनर. एका व्हाउचरवर "रिक्षा, ८० रुपये" आणि खाली आमच्या ऑफिसातल्या एका बाईंची सही. उशीर झाला म्हणून मीच त्यांना दिले होते. तोच दिवस! त्या तेव्हा ऑफिसातच होत्या, हेही त्या चिठोऱ्यामुळे आठवलं. साक्षीदार म्हणून तुमचं नाव देऊ का, असं विचारल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या फिल्टरपाशी हळूच म्हणाल्या, "जेवढं पाहिलंय तेवढं सांगेन. त्याहून जास्त नाही." मला तेवढंच हवं होतं.

तक्रार लेखी, सहा प्रतींत, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. झेरॉक्सच्या दुकानात मी पानं पालथी धरून उभी होते. त्या मुलानं काही न वाचता सहा गठ्ठे लावून स्टेपल मारून दिले. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

पुढची रीत थोडक्यात सांगते. सात कामाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला जाते, त्यानं दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. समितीसमोर वकील आणता येत नाही. याचं आधी मला दडपण आलं, मग लक्षात आलं की त्यांनाही आणता येणार नाही. समेट फक्त बाईनं मागितला तरच होतो, आणि तोही पैशांच्या बोलीवर नाही. मी मागितला नाही.

आता ऐरोलीत नोकरी करते. इथे माणसं भरपूर, आणि समितीचा आदेश कायद्याप्रमाणे भिंतीवर लावलेला आहे. पहिल्याच दिवशी मी तो नावानिशी वाचला. त्यातल्या एक बाई नोकरी सोडून गेल्याचं कळल्यावर एचआरला जाऊन सांगितलं. पुढच्या सोमवारी नवा कागद लागला होता.